भाऊच्या धक्क्यावरून, सकाळी आठ वाजता

धक्क्यावर आज पाय ठेवायला जागा नाही. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल तुम्हाला बाजूला व्हा म्हणून ओरडतो. तुम्ही सरता, तर मागे पाट्या घेऊन उभ्या असलेल्या कोळणी डाफरतात. पावसाची भुरभुर चालू आहे. गुरुवार, १७ जुलै १९४७. आषाढातली अमावस्या, म्हणजे गटारी. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतली कोकणची माणसं सणाला गावी निघाली आहेत. कुणाच्या पिशवीत लेकरांसाठी खाऊ आहे, कुणाच्या कमरेला पगार खोचलेला आहे. माहेरून परत निघालेल्या मुलीला तिची आई पुन्हा पुन्हा बजावते आहे, "पोचलीस की कागद टाक गो."

तुमच्याही हातात रेवसचं तिकीट आहे. इथवर येताना तुम्हाला एकच अट घातली गेली होती. जे ठाऊक आहे ते इथे कुणाला सांगता येणार नाही. पाहायचं, ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि परत यायचं. निघताना ती अट सोपी वाटली होती. आता शेजारच्या पोराने वडिलांचं बोट घट्ट धरलेलं दिसतं आणि तुम्ही दुसरीकडे बघता.

वर्तमानपत्र उघडून बसलेल्यांच्या गप्पा एकाच विषयाच्या आहेत. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचं विधेयक काल लंडनमध्ये लॉर्डांच्या सभागृहातही मंजूर झालं. उद्या त्यावर राजाची संमती मिळेल. पंधरा ऑगस्टला चार आठवडे उरलेत. कुणी म्हणतो, त्या दिवशी गावातच असायला हवं. कुणी म्हणतो, छे, मुंबईतच मजा. या धक्क्यावरच्या प्रत्येकाने तो दिवस मनात आधीच पाहून ठेवला आहे.

समोर 'रामदास' उभी आहे. १९३६ साली इंग्लंडमध्ये, टाईन नदीवरच्या स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, ४०६ टनांची, सुमारे १७९ फूट लांबीची आगबोट. कंपनीचं कागदावरचं नाव भलं लांबलचक आहे, पण कोकणातली माणसं तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणतात. परक्या कंपन्यांच्या बोटींशी टक्कर देत उभी राहिलेली ही देशी कंपनी. तिच्या बोटींना संतांची नावं आहेत. रामदासस्वामींच्या नावाच्या बोटीत पाय ठेवताना म्हातारी माणसं कठड्याला हात लावून तो कपाळाला लावतात.

भर पावसाळ्यात ही माणसं समुद्राने का जातात, असा प्रश्न तुमच्या काळात सहज पडतो. इथे कुणालाच पडत नाही. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल व्हायला अजून पंचवीसहून जास्त वर्षं आहेत. अलिबागला खुष्कीने जायचं तर ठाण्यावरून पनवेल, पनवेलवरून पेण, आणि वाटेतले ओढे-नाले पावसात कधी वाट अडवतील याचा नेम नाही. बोटीने रेवस दीड तासावर. पुढे मोटार, बैलगाडी, नाहीतर पायपीट. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी. समुद्र हा या लोकांचा रोजचा रस्ता आहे, आणि रोजच्या रस्त्याला कुणी भीत नाही.

आठच्या सुमाराला शिडी ओढली जाते. भोंगा वाजतो. बोटीवर सातशेहून अधिक माणसं आहेत. खलाशी, उपाहारगृहातली पोरं, तिकीटवाले आणि काही बिनतिकीटवालेही. जागा मिळेल तिथे लोक टेकले आहेत. कप्तान शेख सुलेमान ब्रिजवर आहेत.

तुम्ही डेकवर उभे राहून बोटीवर काय आहे आणि काय नाही, याची मनाशी नोंद करता. दोर आहेत, ताडपत्र्या आहेत, जीवरक्षक कडी आहेत, पण इतक्या माणसांना पुरतील एवढी नाहीत. बिनतारी संदेशाचं यंत्र नाही. पस्तीस वर्षांपूर्वी, एप्रिल १९१२ मध्ये, अटलांटिकमध्ये 'टायटॅनिक' बुडत होती, तेव्हा तिच्यावरच्या बिनतारी यंत्रामुळे 'कार्पेथिया'ला हाक ऐकू गेली आणि सातशेच्या आसपास माणसं वाचली. ते शिक्षण सगळ्या जगाने घेतलं, तहही झाले, पण ते मोठ्या समुद्रावरच्या मोठ्या जहाजांसाठी. मुंबई ते रेवस ही दीड तासाची फेरी. तिला कसलं यंत्र?

उजवीकडे गोद्या, मग ॲपोलो बंदर मागे पडतं. डावीकडे पावसाच्या पडद्याआड घारापुरी, पुढे उरण-करंजाचे डोंगर. शेजारचे आजोबा गुडघ्याला उपरणं बांधून बसलेत. ते तुम्हाला सत्तावीस सालची हकीकत सांगू लागतात. नोव्हेंबरातलं वादळ, आणि 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. "आमच्या आळीतली दोघं होती," ते म्हणतात. तुम्ही विचारता, मग भीती नाही वाटत? ते जरा थांबतात. "बाबा, वीस वर्षं झाली त्याला."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. इथून परत नेण्यासारखं जे काही आहे, त्यात हे सगळ्यात मोलाचं आहे.

कुलाब्याचा आडोसा संपतो तसा समुद्र बदलतो. इतका वेळ बोट बंदराच्या पोटात होती, आता ती बंदराच्या तोंडाशी येते आहे. नैऋत्येकडून येणारा पावसाळी वारा आणि त्याने उठवलेल्या लाटा थेट उजव्या कुशीवर आदळू लागतात. दक्षिणेला, रेवसकडे जाणाऱ्या बोटीला इथे लाट नाकावर घेता येत नाही, ती बाजूने झेलावी लागते. आज अमावस्येचं उधाण. पाण्याला ओढ जबर. पाऊस आता आडवा मारतो आहे, आणि भिजणारी माणसं आपोआप सुक्या बाजूला सरकत आहेत.

बोट कशी बुडते हे समजून घ्यायचं तर या सरकण्याकडे बघा. माणसं भिजू नयेत म्हणून चार पावलं सरकतात. त्यांच्या वजनाने ती बाजू जराशी खाली जाते. त्याच वेळी उलट्या बाजूने लाट येते आणि तो कल आणखी वाढवते. पाणी डेकवर चढतं, आणि ते पाणीही खालच्याच बाजूला धावतं. आता भीतीने माणसं पळतात. शेकडो माणसांचं, त्यांच्या ट्रंकांचं, भिजलेल्या वळकट्यांचं आणि मोकळ्या पाण्याचं वजन एकाच कठड्यावर येतं. बोटीच्या अंगी स्वतःला सावरण्याचा जो जोर असतो, त्याची एक हद्द असते. ती हद्द ओलांडली, की पुढच्या क्षणी काय होणार हे कुणाच्याच हातात उरत नाही.

मुंबईपासून नऊ-दहा मैलांवर, काशाच्या खडकाजवळ, निघून तासही झालेला नसताना, 'रामदास' एका मोठ्या लाटेखाली कलंडते आणि परत वर येत नाही.

तुम्ही पाण्यात आहात. इथे जे दिसतं त्याचं वर्णन लांबवू नये. एवढंच सांगावं, की पोहता येणाऱ्यालाही या पाण्यात पोहता येत नाही, कारण ज्यांना पोहता येत नाही त्यांचे हात त्याच्याभोवती आहेत. नऊवारी पाण्याने जड होऊन पायांत अडकते. म्हाताऱ्यांना दम पुरत नाही. छपराखाली आणि खालच्या डेकवर बसलेल्यांना बाहेर पडायला वेळच मिळालेला नाही. काही मिनिटांपूर्वी तुम्हाला जयंती-तुकारामची गोष्ट सांगणारे आजोबा कुठेच दिसत नाहीत. ज्यांच्या हाताला एखादं कडं, फळी, लाकडी बाक लागला, आणि ज्यांना लाट कशी सोसायची हे लहानपणापासून माहीत आहे, ते तरंगतात. त्यांत अंगाने धड असलेले पुरुष जास्त, आणि एखाददुसरं कोवळं पोरही.

आणि आता या दिवसाचा सर्वांत कठीण भाग सुरू होतो. काहीच होत नाही.

नऊ वाजतात, दहा वाजतात. मुंबईत कंपनीच्या कचेरीत कुणाला काही ठाऊक नाही. रेवसच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहणारे लोक डोळ्यांवर हात धरून क्षितिजाकडे बघतात आणि म्हणतात, हवा खराब आहे, उशीर होणारच. आठच्या सुमाराला निघालेली, सातशे माणसांची बोट नाहीशी झाली आहे, आणि दोन्ही काठांवर दिवस नेहमीसारखा चालू आहे. मुंबईला पहिली बातमी मिळते ती पाण्यातून जिवंत निघालेल्यांच्या तोंडून, दुपार उलटून गेल्यावर. तोवर समुद्राने आपलं काम उरकलेलं असतं.

या तासांत धावून येतात ते रेवस-बोडणीकडचे कोळी. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या त्यांच्या होड्यांना पाण्यात माणसं दिसतात. तुम्ही एका फळीला लटकलेले आहात आणि एक होडी तुमच्या अंगावर येते आहे. तांडेल ओरडतो, आणि तुमच्या डोळ्यांदेखत पोरं टोपल्याच्या टोपल्या मासळी समुद्रात रिकामी करतात. ही त्यांची रात्रभराची मेहनत, आजची रोजी. माणसांना जागा हवी म्हणून ती जाते. एक राकट हात तुमच्या दंडाला धरून तुम्हाला वर ओढतो. होडी आधीच जड झाली आहे आणि समुद्र तसाच खवळलेला आहे. तरी ते आणखी एकाला घेतात, मग आणखी एकाला. अशी पाऊणशेच्या आसपास माणसं त्यांनी वाचवली, असं या किनाऱ्यावर आजही सांगतात. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. ज्याच्या घरातलं कुणी ना कुणी समुद्राने नेलं आहे, त्या माणसाला हुकूम लागत नाही.

रात्री भाऊच्या धक्क्यावर सकाळचीच गर्दी आहे, पण आवाज वेगळा आहे. लोक नावं घेत आहेत. याद्या मागत आहेत. आणि सगळी नावं कुठेच लिहिलेली नाहीत. तिकिटावर माणसाचं नाव नव्हतं. बिनतिकीट चढलेल्याची तर मोजदादही नव्हती. "कागद टाक गो" म्हणणारी ती आई दिव्याखाली उभी आहे. अट आठवते ना? तुम्हाला तिच्याशी बोलता येणार नाही.

सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस किनाऱ्यावर प्रेतं लागत राहतात. अनेकांची लागतच नाहीत. ज्यांचा देह मिळाला नाही, त्यांच्यासाठी घरचे पालाशविधी करतात, दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मुसलमान मोहल्ल्यांत समोर मय्यत नसताना जनाज्याची नमाज पढली जाते. अलिबाग, पेण, रोह्याकडच्या कितीतरी घरांत गटारीची अवस त्या वर्षापासून श्राद्धाची तिथी होते.

उजाडतं, आणि तारीख १८ जुलै. लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची संमती मिळते. चार आठवड्यांनी लाल किल्ला, रोषणाई, मिरवणुका. त्याच सुमारास पंजाबातून आणि बंगालमधून बातम्या येऊ लागतात आणि देशाच्या दुःखाचा आकडा लाखांत जातो. त्या ढिगाऱ्याखाली कोकणातली सहाशे माणसं दबली. कुणी मुद्दाम विसरलं नाही. आनंद आणि आकांत दोन्ही इतके मोठे होते, की एका बोटीचं दुःख ज्याचं त्याने घरात नेऊन ठेवलं.

आता तुम्हाला पुढे यायचं आहे. वर्षं भराभर जाऊ द्या.

तुम्ही अलिबाग तालुक्यातल्या एका घराच्या ओट्यावर बसला आहात. त्या दिवशी पाण्यातून वाचलेला माणूस समोर आहे. आता त्याची साठी उलटली आहे. तो सांगतो आणि घरातली नातवंडं निम्मं ऐकतात, कारण त्यांना ते पाठ आहे. कुठे काय धरलं, किती वेळ तरंगलो, कोण हाताला लागलं आणि कोण सुटलं. या शेवटच्या गोष्टीशी आला की तो थांबतो. मग विषय बदलतो आणि चहा घ्या म्हणतो. दरवर्षी जुलैमध्ये कुणी पत्रकार येतो, फोटो काढतो, आणि तीच हकीकत पुन्हा छापून येते. कधी त्यात माणसांचा आकडा वेगळा असतो, कधी वेळ.

त्याला जास्त विचारू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लिलियन ॲस्पलंड नावाच्या बाई राहत होत्या. 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. वडील आणि तीन भाऊ त्या रात्री गेले. ती रात्र प्रत्यक्ष आठवणाऱ्या त्या शेवटच्या. आयुष्यभर त्यांनी त्याविषयी जाहीरपणे बोलणं टाळलं, आणि मे २००६ मध्ये त्या गेल्या. वाचलेल्या माणसावर जगाचं एवढंही देणं नसतं. गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे.

मग आणखी तीन वर्षं पुढे या. ३१ मे २००९. इंग्लंडमध्ये मिल्व्हिना डीन वयाच्या ९७ व्या वर्षी वारल्या. 'टायटॅनिक'वरच्या त्या सगळ्यांत लहान प्रवासी होत्या, जेमतेम दोन महिन्यांच्या. वडील गेले, आई आणि भाऊ वाचले. त्या रात्रीचं त्यांना स्वतःला काही आठवणं शक्यच नव्हतं. जे होतं ते आईकडून ऐकलेलं. तरी त्या गेल्या तेव्हा जगभर बातमी झाली, कारण त्यांच्याबरोबर त्या जहाजाचं शेवटचं जिवंत माणूस गेलं. पण 'टायटॅनिक' त्यांच्याबरोबर गेली नाही. चौकशीतल्या साक्षी छापलेल्या होत्या, प्रवाशांच्या याद्या होत्या. २०१२ मध्ये, शंभर वर्षं पुरी होताना, बेलफास्ट शहराने गेलेल्यांपैकी १,५१२ जणांची नावं एका स्मारकावर कोरली. त्यात सरदारही आहेत आणि भट्टीत कोळसा टाकणारे कामगारही, सगळे वर्णाक्षरांच्या क्रमाने. हे स्मारक नंतरचं, पण साक्षी आणि याद्या जपून त्या लोकांनी शेवटचा साक्षीदार जाण्याआधीच स्मृतीला माणसाबाहेर घर बांधून दिलं होतं.

'रामदास'च्या बाबतीत हिशेब करून बघा. त्या दिवशी जो वीस वर्षांचा होता, तो आज हयात असेल तर शंभरीच्या घरात आहे. जो दहा वर्षांचा पोर होता, तो नव्वदीला टेकला आहे. त्या ओट्यावरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या आहेत.

आता तुम्ही मुंबईत परत आला आहात, तुमच्याच काळात. समोर तेच पाणी आहे. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली, आणि गस्तीवरचे पोलीस वेळेवर पोचल्यामुळे तिच्यावरची ८८ माणसं सुखरूप बाहेर आली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना ती ताब्यातून सुटली होती. डझनाहून अधिक जीव गेले. त्यानंतर प्रवाशांना जॅकेट घालायला लावण्याचा आग्रह धरला गेला. म्हणजे १९४७ नंतर सत्त्याहत्तर वर्षांनी याच बंदरात जीवरक्षक साधनांचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला, आणि त्याची किंमत पुन्हा प्रवाशांनीच मोजली.

आजोबांचं वाक्य आठवा. "वीस वर्षं झाली त्याला." ते विसरले नव्हते. त्यांच्या आळीतली दोघं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण त्यांच्या त्या आठवणीतून बोटीवर एक कडंही वाढलं नव्हतं, एक यंत्रही आलं नव्हतं, पावसाळ्यातली एकही फेरी थांबली नव्हती. आठवण माणसाच्या काळजात होती, आणि तिथेच राहिली. काळजातली आठवण त्या माणसाबरोबर जाते. नियमात, यादीत, शाळेच्या वर्गात, तांडेलाच्या तोंडी गेलेली आठवण त्याच्यामागे टिकते.

म्हणून शेवटच्या साक्षीदारासाठी नुसते हळहळू नका. त्याच्या मुलांकडे जा, सुनांकडे जा. तीच हकीकत हजारदा ऐकून त्यांना पाठ आहे, आणि त्यांचीही सत्तरी आली आहे. ज्या घरात गटारीच्या अवसेला श्राद्ध होतं, तिथे ते कुणाचं आहे हे विचारा. गेलेल्यांची नावं गावागणिक, वाडीगणिक उतरवा. हिंदू, मुसलमान, गिरणीतला, शेतातला, तिकीटवाला, बिनतिकीटवाला, सगळे एका यादीत. ज्या होड्यांनी मासळी फेकून माणसं घेतली, त्यांच्या तांडेलांचीही नावं लिहा. आपल्या इतिहासात बुडालेल्यांचा आकडा राहतो आणि वाचवणाऱ्यांची नावं जातात. ज्या पोरांना रोज बोटीने जावं-यावं लागतं, त्यांना माणसं एका बाजूला धावली की बोट का उलटते, हे एकदा तरी वर्गात समजावून सांगा.

आणि पुढच्या वेळी मांडव्याला निघालात, की खलाशी जॅकेट पुढे करील. ऊन असेल, समुद्र शांत असेल, शेजारचा म्हणेल की अर्ध्या-पाऊण तासासाठी कशाला. तेव्हा त्याला सांगा, की याच पाण्यात दीड तासाच्या एका फेरीत सहाशेहून अधिक माणसं गेली. इथे कुणी तुमच्यावर अट घातलेली नाही. जे ठाऊक आहे ते आता सांगता येतं, आणि सांगायलाच हवं.